टोकन देण्याआधी घर तपासा

गेल्या अंकात घर घेण्याआधीच्या तपासणीबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचं दुखणं एकच आहे. घराचे कागद वकील बघतो, बँक बघते, पण खुद्द घर कोणी बघत नाही. बँकेचा व्हॅल्युअर मोजमाप घेतो, फोटो काढतो आणि जातो. भिंतीत ओल आहे का, नळाचं पाणी कुठल्या टाकीतून येतं, हे बघणं त्याचं कामच नाही. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, मुंबईत लोकांची घरं घेण्याआधी तपासून देते. माझं ठाम मत आहे की ही तपासणी टोकन देण्याआधीच व्हावी. एकदा पैसे देऊन झाले की डोळ्यांना दिसणारी ओलही माणूस ‘रंग मारला की जाईल’ म्हणून सोडून देतो. आलेल्या पत्रांतली काही निवडली आहेत. काहींचे व्यवहार चालू आहेत म्हणून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : लालबागला जुन्या चाळीत पागडीची खोली घेतोय. दारं-खिडक्या सागवानी आहेत, ती घासून पुन्हा रंगवायचा विचार आहे. बाहेर गॅलरीवर सिमेंटचे पत्रे आहेत. मुलगी दीड वर्षाची आहे. काही तपासायला हवं का? (एक वाचक, परळ)

घासायचं काम आत्ता कोणालाही देऊ नका. लाकूड चांगलंच असणार, काळजी आहे ती त्याच्यावर बसलेल्या रंगाची. तेलरंगात शिसं घालायची पद्धत आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत होती. रंग लवकर वाळतो, टिकतो, आणि पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा असे रंग उठून दिसतात, म्हणून. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम केंद्र सरकारने २०१६ साली काढला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी त्या दारांवर रंगाचे जेवढे हात बसले असतील, ते सगळे संशयित धरायचे.

चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातला एखादा सुटलेला पोपडा उजेडात धरून बघा. कडेला थर दिसतात. वर पांढरा, त्याखाली निळा, मग जुन्या चाळींतला तो हिरवा. खिडकीच्या लोखंडी गजांवर तळाशी शेंदरी हात असेल तर तो बहुधा शिशाच्याच प्रायमरचा असतो. मूल काही रंग चाटायला जात नाही. पण दार उघडताना-मिटताना फळी चौकटीला घासते, बारीक भुकटी खाली पडते, मूल त्यावर रांगतं आणि तेच हात तोंडात घालतं. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. रक्तातलं शिशाचं अमुक इतकं प्रमाण सुरक्षित आहे, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही.

तपासणी अवघड नाही. मालकाची परवानगी घेऊन, लाकडापर्यंतचे सगळे थर येतील असा टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा धारदार पात्याने काढायचा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत शिशासाठी द्यायचा. नुसता वरचा पोपडा दिलात तर कालपरवाचा रंग तपासून मिळेल. दाराचा एक, खिडकीचा एक, असे नमुने वेगवेगळे द्या. ९० ची मर्यादा नव्या रंगाच्या डब्याला आहे. भिंतीवर-दारावर बसलेल्या जुन्या रंगासाठी आपल्याकडे आकडा ठरलेला नाही. अमेरिकेत ५,००० च्या वर गेला की रंग शिशाचा समजतात. तुमच्या घरात रांगतं मूल आहे, तेव्हा मी त्याच्या बऱ्याच खाली असतानाही सांभाळूनच वागेन.

शिसं निघालं तर घर सोडायची गरज नाही. फक्त कोरडं घासणं आणि दिव्याने रंग जाळून काढणं, या दोन गोष्टी होता कामा नयेत. पाणी मारून ओलं खरवडायचं, खाली जाड प्लास्टिक अंथरायचं, आणि काम संपून फरशी ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसून होईपर्यंत मुलीला त्या घरात न्यायचं नाही. जी फळी घासतच राहणार ती सुताराकडून रंधून घ्यायची असेल, तर तेही घरात नको, बाहेर नेऊन.

आता पत्रे. जुने राखाडी, नागमोडी सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस असंच धरून चाला. पावसाच्या पाण्याचे जुने सिमेंटचे पाइपही त्यातलेच. पत्रा अखंड असेल आणि त्याला कोणी हात लावत नसेल तर त्यातले तंतू सहसा हवेत येत नाहीत. भोक पाडलं, कापला, फोडला की येतात. ते फुप्फुसात गेले तर त्याचा आजार उघड व्हायला वीस-तीस वर्षंही लागतात, त्यामुळे पत्रा फोडणाऱ्या गवंड्यालाही आपण काय श्वासात घेतोय ते कळत नाही. पत्र्याला तडे आहेत का, कडा भुसभुशीत झाल्यात का, एवढं बघा. काढायचेच असतील तर पाणी मारून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवायला सांगा. हातोडी नको, आणि तुकडे राडारोड्यात मिसळायला देऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याने घर घेताना तळघरात रेडॉन वायूची तपासणी केली होती. आम्ही मुलुंडला नवव्या मजल्यावर घर घेतोय, तर इथेही करून घ्या म्हणतो. मुंबईत कोण करतं? (एक ज्येष्ठ वाचक, ठाणे)

काका, मुलाचं त्याच्या ठिकाणी बरोबर आहे. रेडॉन हा जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू. सिगारेटच्या खालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण तो मानला जातो. न्यू जर्सीच्या उत्तर भागात खडकच तसा आहे, घरांना तळघरं असतात आणि थंडीत सगळं बंद असतं, म्हणून वायू आत साठतो. तिथे हवेत ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून जास्त रेडॉन निघाला की घरमालकाला उपाय करायला सांगतात.

आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे, दख्खनच्या लाव्हाचा. त्यात युरेनियम कमी. त्यात तुमचं घर नवव्या मजल्यावर आणि खिडक्या वर्षभर उघड्या. ही तपासणी सोडून द्या. ओट्याच्या ग्रॅनाइटबद्दलही लोक विचारतात, त्याचीही चिंता नको. तळमजल्याखाली बंद बेसमेंट असेल आणि तिथे कोणी दिवसभर एसी लावून बसणार असेल, तर मात्र मी मोजायला सांगते.

मुलाकडून दुसरी एक गोष्ट जरूर घ्या. अमेरिकेत १९७८ च्या आधी बांधलेलं घर विकताना, त्यात शिशाचा रंग असल्याचं माहीत असेल तर ते विकणाऱ्याने लेखी सांगावं लागतं, आणि घेणाऱ्याला तपासणीसाठी दहा दिवस मिळतात. आपल्याकडे असा कायदा नाही, पण टोकनच्या पावतीवर एक ओळ लिहून घ्यायला कोणी अडवत नाही: इतक्या दिवसांत पाणी, ओल आणि बांधकामाची तपासणी करू, गंभीर दोष निघाल्यास टोकन परत. मसुदा वकिलाकडून करून घ्या. या ओळीला जो मालक ठाम नकार देतो, त्याच्या घरात मी नेहमीपेक्षा जास्त वेळ घालवते.

प्रश्न : अंधेरी पश्चिमेला रीसेल फ्लॅट बघितला. एजंटने मीटर बुडवून टीडीएस ८५ दाखवला आणि पाणी एकदम शुद्ध आहे म्हणाला. यावर विश्वास ठेवावा का? (एक वाचक, जोगेश्वरी)

मीटर खरं बोलतोय, एजंट त्यातून भलताच अर्थ काढतोय. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. तानसा, विहार, तुळशी, मोडकसागर, भातसा आणि वरची व मधली वैतरणा, या सात तलावांचं पाणी मुळातच मऊ आहे, टीडीएस शंभराच्या आसपासच असतो. तुमच्या ८५ चा अर्थ एवढाच की नळाला महापालिकेचं पाणी येतंय. तोच आकडा सहाशे-सातशे आला असता तर मी विचारलं असतं की टँकर किंवा बोअरिंगचं पाणी टाकीत कधीपासून मिसळतंय. पण गटाराचं पाणी थोडं मिसळलं तरी टीडीएस फारसा हलत नाही. जंतू मीटरला दिसतच नाहीत, आणि पाण्यातलं शिसंही नाही.

मुंबईत पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात. पाणी काही तासच येतं. बाकी वेळ लाइनमध्ये दाब नसतो, आणि पाइपला बारीक भोक असलं तर आजूबाजूचं घाण पाणी आत शिरतं. नाहीतर सोसायटीची जमिनीखालची टाकी. तिच्यासाठी वॉचमनला झाकण उघडायला सांगा. झाकण अंगणाच्या पातळीला आहे की वर उचललेलं? शेजारी ड्रेनेजचं चेंबर किती अंतरावर आहे? एका सोसायटीत मी झाकण उचललं तेव्हा आतल्या भिंतीवर, चेंबरच्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर तपकिरी ओघळ होते, आणि ओघळ जिथून सुरू होत होते तिथे बोट लावलं तर ते ओलं झालं. बाहेर कोरडा मे महिना होता. त्या इमारतीत घरोघरी आरओ लावलेला होता, आणि टाकीत पाणी कुठून शिरतंय हे वर्षानुवर्षं कोणी बघितलं नव्हतं.

आता नमुना कसा घ्यायचा ते नीट वाचा, कारण इथेच घोळ होतो. जंतूंसाठी प्रयोगशाळा निर्जंतुक बाटली देते. तिच्यात क्लोरीनचा परिणाम थांबवणारं औषध आधीच असतं, तेव्हा बाटली विसळू नका. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, मग भरा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नमुने दोन हवेत, एक आवारात महापालिकेची लाइन आत येते तिथला, दुसरा फ्लॅटच्या स्वयंपाकघरातला. पहिला चांगला आणि दुसरा खराब आला तर दोष सोसायटीच्या टाकीत किंवा पाइपात. दोन्ही खराब आले तर वॉर्ड ऑफिसात तक्रार करायची. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० नुसार १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जंतू अजिबात सापडता कामा नयेत. महापालिकेची पाणी तपासणारी प्रयोगशाळा दादरला आहे, किंवा एनएबीएलची खासगी चालेल.

शिशाचा नमुना नेमका उलट घ्यायचा. रात्रभर नळ बंद ठेवायचा आणि सकाळचं पहिलं पाणी, एक थेंबही वाया न घालवता, भरायचं. जुने पितळी नळ आणि डाग दिलेले सांधे यांतून रात्रभरात पाण्यात काय उतरतं ते त्यात कळतं. मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडून टाकी साफ केल्याची पावती आणि गेल्या उन्हाळ्यातली टँकरची बिलं मागा. आणि आरओ घ्यायची घाई नको. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओला मनाई करा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली केंद्राला सांगितलं होतं. ८५ च्या पाण्यावर आरओ म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी मोरीत.

प्रश्न : बोरिवलीला मार्चमध्ये फ्लॅट बघितला, नुकताच रंगवलाय, छान वाटला. माझ्या मुलाला दमा आहे. ओल आहे की नाही हे उन्हाळ्यात कसं ओळखायचं? (एक वाचक, कांदिवली)

जमत असेल तर जुलैत, चार दिवस लागून पाऊस पडल्यावर बघा. पश्चिमेची भिंत तेव्हा जे सांगते ते मार्चमध्ये कोणतंच यंत्र सांगत नाही. ते शक्य नसेल तर पुढचं वाचा.

दार उघडताच खिडक्या उघडायच्या आधी एक खोल श्वास घ्या. एजंट आधी जाऊन सगळं उघडून, उदबत्ती लावून ठेवतो, त्याला तसं न करायला सांगा. मग रंगाकडे बघू नका, भिंतीतल्या कपाटांकडे बघा. रंगारी कपाटाच्या आत सहसा जात नाही. खालचा खण रिकामा करून पाठीच्या प्लायवर आणि तळाच्या कडेवर टॉर्च आडवा धरा. प्लायची कड फुगून थर सुटलेले दिसले, त्यावर काळे-हिरवट ठिपके दिसले, की मागे ओल आहे. सिंकखाली, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या बेडरूमच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीखाली, सगळीकडे तसंच. आडव्या उजेडात भिंतीचा फुगवटा चटकन कळतो. पांढरी, मिठासारखी पूड हाताला लागली तर पाणी विटांमधून येतंय. चार भिंतींपैकी एकाच भिंतीला वेगळा गडद रंग किंवा वॉलपेपर असेल, तर ती भिंत आधी.

मॉइश्चर मीटर हजार-दोन हजारांत मिळतो. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. घराच्या मधल्या कोरड्या भिंतीवर आधी लावा, मग संशयाच्या जागी. फरक मोठा आला तर तो खरा. मालक तयार असेल तर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला दिसलं तर हवेतल्या दमटपणाचं आहे आणि ते खेळती हवा ठेवून सुटतं.

सगळ्यात खरी माहिती मात्र खालच्या मजल्यावर मिळते. जिना उतरा, बेल वाजवा, आणि त्या घरातल्या काकूंना विचारा की वरच्या बाथरूमचं पाणी कधी गळलं होतं का. गळलं असेल तर त्या दाखवायला आत घेऊन जातात. शेवटचा मजला असेल तर गच्चीवर जाऊन बघा, वॉटरप्रूफिंग कधी केलं ते विचारा. पीओपीचं खोटं छत असेल तर दिव्याची एक वाटी उतरवून वरच्या स्लॅबवर टॉर्च मारा. स्लॅबवर गंजाचे डाग असतील, ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर प्रश्न दम्यापुरता राहत नाही. सोसायटीच्या उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. तो अहवाल मागा.

बुरशी कोणत्या जातीची आहे हे तपासायला पैसे घालवू नका. दिसली किंवा वास आला, एवढं पुरे. दम्याच्या मुलासाठी कुठलीच बुरशी चांगली नसते. पाण्याचा उगम बंद केल्याशिवाय वरून कितीही ‘अँटीफंगल’ रंग लावला तरी पुढच्या श्रावणात ती परत येते.

प्रश्न : ताई, आमचं दोघांचं हे पहिलंच घर. कांजूरमार्ग पूर्वेला आहे. बजेटात बसतंय, पण डम्पिंगचा वास येतो असं ऐकलं. आम्ही रविवारी दुपारी दोनदा गेलो, काहीच वास नव्हता. (एक वाचक, डोंबिवली)

दुपारी येणारच नाही गं. दुपारी वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून वाहतो आणि वास खाडीकडे नेतो. रात्री आणि पहाटे वारा पडतो किंवा उलटा फिरतो, हवा जमिनीलगत थांबते, आणि तेव्हा तो वस्तीत येतो. हिवाळ्यात जास्त. तेव्हा रात्री अकराला जा, आणि एकदा पहाटे साडेपाचला. खाली दूध घ्यायला आलेल्या बायकांशी बोल.

दुसरं, त्या इमारतीत एसीची कामं करणाऱ्या मेकॅनिकला गाठ. कचरा, नाला, खाडीचा चिखल यांतून हायड्रोजन सल्फाइड येतो आणि तो तांब्याला काळं करतो. कॉइलला बारीक भोकं पडून वर्ष-दोन वर्षांत गॅस जात असेल तर मेकॅनिकला ते तोंडपाठ असतं, कारण कॉइल त्यानेच बदललेली असते. शेजारणींना विचार, चांदीचे पैंजण किती दिवसांत काळे पडतात. याने आजार सिद्ध होत नाही, पण वायू घरात पोचतोय हे कळतं. मग प्रयोगशाळेकडून खोलीतल्या हवेचा नमुना घ्यायचा, तोही रात्रीचा.

आणखी एक सांगते, कारण पूर्व उपनगरात स्वस्त घर शोधणारे पुढे माहुलकडेही वळतात. माहुल-आंबापाड्यातल्या हवेचा तिथल्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच नोंदवलं आहे. तिथे हवेत नुसती धूळ नाही, रसायनांच्या टाक्यांतून उडणाऱ्या वाफा आहेत. त्या एअर प्युरिफायरच्या साध्या फिल्टरने अडत नाहीत. लहान मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या जोडप्याला मी तिथे घर घ्या म्हणणार नाही.

प्रश्न : चेंबूरला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट वरच्यापेक्षा बराच स्वस्त मिळतोय. समोरची इमारत अगदी जवळ आहे, एवढाच दोष. घ्यावा का? (एक वाचक, गोवंडी)

तुम्ही गोवंडीत राहता, तुम्हाला माहीत असेल. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथल्या पुनर्वसनाच्या इमारतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने अभ्यास केला होता. इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि टीबी तिथेच जास्त. तेव्हा ‘एवढाच दोष’ म्हणू नका.

दुपारी बाराला सगळे दिवे बंद करून आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचून बघा. वाचता येत नसेल तर नको. वारा बघायचा तर कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर मिळतो. बाहेर साधारण ४२० दाखवतो. चार माणसं खोलीत तासभर बसल्यावर, खिडक्या उघड्या असताना, हजाराच्या वर गेला तर हवा बदलत नाहीये. माझा सल्ला, वरचा मजला परवडत नसेल तर आणखी लांबच्या स्टेशनवर घर बघा, पण हे घेऊ नका.

प्रश्न : गिरणीच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या टॉवरमध्ये बुकिंग करतोय. जमिनीत काही असेल का? (एक वाचक, माहीम)

असू शकतं. रंगखात्यातली रसायनं, ट्रान्सफॉर्मरचं तेल, बॉयलरच्या पाइपांवर गुंडाळलेलं ॲस्बेस्टॉस. टॉवरला खोल बेसमेंट असेल तर वरची माती बहुधा उचललीच जाते, आणि तुम्ही राहणार उंचावर. बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. ती केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर बघायला मिळते. त्यात माती आणि भूजलाच्या तपासणीचं काय लिहिलंय ते वाचा, आणि बोअरवेलचं पाणी बागेला की घरात, हे बिल्डरकडून लेखी घ्या. प्रदूषित जागांसाठी केंद्राने जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियम काढले आहेत, आपल्या वकिलाला ते वाचायला सांगा.

प्रश्न : गच्चीवर मोबाइल टॉवर आहे. (एक वाचक, विलेपार्ले)

१ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या रेडिएशनची आपल्याकडची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवरून मोजणी मागवता येते. मी अशा इमारतीत टॉवरच्या पायाखालची गळती आणि जनरेटरचा धूर कुणाच्या खिडकीत जातो, हे आधी बघते.

प्रश्न : दादरला घर बघितलं. बाथरूमच्या डक्टमध्ये कबुतरं आहेत. मालक म्हणतात जाळी लावली की झालं. (एक वाचक, प्रभादेवी)

जाळीने नवी कबुतरं अडतील, साठलेली विष्ठा तिथेच राहील. ती वाळून भुकटी होते आणि एक्झॉस्टच्या भोकातून, एसीच्या पाठीमागून घरात येते. काही माणसांच्या फुप्फुसांना त्याने सूज येते, आणि रोज संपर्क राहिला तर फुप्फुसं कायमची निबर होतात. सुरुवातीला नुसता कोरडा खोकला असतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. २०२५ च्या जुलैत राज्य सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितले आणि दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला. त्या वेळी जो वाद झाला त्यात भावना पुष्कळ होत्या. मी बंद करण्याच्याच बाजूची आहे, कारण ऑक्सिजनवर असलेली माणसं मी त्यांच्या घरी जाऊन बघितली आहेत.

डक्टमध्ये खाली वाकून थर किती जाड आहे ते बघा. व्यवहाराआधी मालकाच्या खर्चाने साफ करून घ्या. पाणी मारून, भिजवून, एन९५ मास्क लावून. कोरडा झाडू नको. घरात कुणाला जुना खोकला असेल तर साफसफाईच्या दिवशी तिथे जाऊच नका.

प्रश्न : मालक फ्लॅटबरोबर चालू गॅस गीझर देतायत. बाथरूम लहान आहे, झरोक्याला ॲक्रिलिक बसवलंय. चालेल ना? (एक वाचक, भांडुप)

नाही. या सगळ्या पत्रांत मला सर्वांत जास्त घाबरवणारं पत्र हे आहे. शिसं, ओल, बुरशी यांना वर्षं लागतात, याला एक आंघोळ पुरते. बंद बाथरूममध्ये बर्नरला प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला गरगरतं, पाय लटके पडतात, आणि कडी आतून लावलेली असते. दरवर्षी थंडीत मुंबईत अशा बातम्या येतात, आणि त्यांत बहुतेक वेळा तरुण माणसं असतात.

गीझर मालकाला काढून न्यायला सांगा. गॅसचाच हवा असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा सज्ज्यावर बसवायचा, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा. ॲक्रिलिक आजच काढून तिथे जाळी बसवा, गीझर असो वा नसो. आणि घराचा ताबा घ्याल त्या दिवशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणा. तो बॅटरीवर चालतो, बसवायला इलेक्ट्रिशियन लागत नाही. बेडरूमच्या दाराबाहेर लावा आणि महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून आवाज येतोय का ते बघा.